न सांगता होणारे रूपांतर

वहीत रकमेचा रकाना निराळा, तारखेचा निराळा. संगणकावरील कोष्टकांतही प्रत्येक रकान्याची जात ठरलेली असते : पूर्णांक, तारीख, मजकूर. एका जातीचे मूल्य दुसरीत कसे न्यावे, हा नियम पोस्टग्रेस या प्रणालीत ‘क्रिएट कास्ट’ या आज्ञेने घालून देता येतो. त्यातच मोकळीकही ठरते. काही रूपांतरे स्पष्ट मागितल्यावरच होतात, काही रकान्यात मूल्य भरतानाही होतात, तर काही न सांगता कोठेही होतात.

ही तिसरी मोकळीक धोक्याची. २००७-०८-१५ ही तारीख अवतरणचिन्हांविना लिहिली, की यंत्र वजाबाकी करून १९८४ काढते! पूर्वी तारीख व संख्या दोहोंचा गुपचूप मजकूर होऊन तुलना होई. १ ऑगस्टला विचारले, ‘आजचा दिवस १५ ऑगस्टच्या आधीचा ना?’, तरी उत्तर ‘नाही’! २००८ च्या ८.३ या आवृत्तीने ही सवलत काढली. आता तेथे यंत्र चूक दाखवून थांबते.

म्हणून लहान पूर्णांक मोठ्यात नेण्यासारखे, काहीही न गमावणारे रूपांतरच आपोआप होऊ द्यावे. बाकीचे मागितल्यावाचून होऊ नये. कारण थांबलेले काम ध्यानात येते, निमूट चुकलेला हिशेब येत नाही.