नोकरीची सबब आणि बारा पॉइंट

नोकरीनिमित्त इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी एखाद्याच्या परवान्यावर, वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल तीन-तीन करीत ९ पॉइंट जमा झाले आणि चौथ्या खेपेस रस्त्याकडेच्या कॅमेऱ्याने त्याला पुन्हा टिपले, म्हणजे भोवतालचे स्नेही त्याला जो सल्ला देतात तो जवळजवळ ठरून गेलेला आहे : "काही होत नाही रे. कोर्टात जा, गाडीवाचून नोकरी जाईल म्हणून सांग, सोडून देतात." हा सल्ला मी इतक्या जणांच्या तोंडून, इतक्या ठाम स्वरात ऐकला आहे, आणि त्यावर विसंबून हाती एक कागदही न घेता न्यायालयात उभे राहिलेल्यांचे परवाने सहा-सहा महिन्यांसाठी गेल्याचेही इतक्या वेळा ऐकले आहे, की या समजुतीचा समाचार एकदा सविस्तर घेणे मला कर्तव्य वाटते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण चांगल्या हेतूने दिलेल्या चुकीच्या माहितीची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते, आणि ती मोजण्याची वेळ येते तेव्हा सल्लागार न्यायालयात हजर नसतात.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्लंड आणि वेल्स येथे हा विषय १९८८ च्या रोड ट्रॅफिक ऑफेंडर्स ॲक्टच्या कलम ३५ खाली येतो. ३ वर्षांच्या आत घडलेल्या अपराधांचे पॉइंट मिळून १२ किंवा त्याहून अधिक झाले, तर न्यायालयाने त्या इसमास किमान ६ महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवलेच पाहिजे, असे ते कलम फर्मावते. अगोदरच्या ३ वर्षांत ५६ दिवस वा त्याहून अधिक मुदतीची एक अपात्रता होऊन गेली असेल तर ही किमान मुदत १ वर्षाची होते, आणि अशा दोन वा अधिक होऊन गेल्या असतील तर २ वर्षांची. येथे ध्यानी घ्यावयाची गोष्ट ही, की नियम अपात्रतेचा आहे आणि सुटका हा त्याचा अपवाद आहे. आपले स्नेही मात्र सुटका हाच नियम समजून चालतात.

त्या अपवादाच्या सीमाही कायद्याने स्वतःच आखून ठेवल्या आहेत. परिस्थिती पाहून मुदत कमी करण्याची किंवा अपात्रता मुळीच न लादण्याची मुभा न्यायालयाला आहे खरी, परंतु त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमाने तीन गोष्टींचा विचार करण्यास स्पष्ट मनाई केली आहे. अपराध किरकोळ होता ही सबब चालत नाही. असाधारण कोटीचे नसलेले हाल विचारात घेता येत नाहीत. आणि गेल्या ३ वर्षांत जी कारणे पुढे करून एकदा सवलत मिळवली, तीच कारणे पुन्हा मांडता येत नाहीत. म्हणजे त्रास होईल एवढे सांगून भागत नाही, मोठा त्रास होईल असे सांगूनही भागत नाही. तो असाधारण आहे हे शाबीत करावे लागते, आणि शाबीत करण्याचा भार संपूर्णपणे वाहनचालकावर असतो.

आता नोकरीच्या सबबीकडे वळू, कारण सारा घोटाळा तेथेच आहे. न्यायालयांना शिक्षेसंबंधी मार्गदर्शन करणाऱ्या सेंटेन्सिंग कौन्सिलने २०२० साली या बाबतीतले आपले मार्गदर्शन अधिक खुलासेवार केले, आणि ज्यांना माझ्या म्हणण्याचा संशय असेल त्यांनी ते मुळातून वाचावे. त्याचा आशय असा : बहुतेक प्रत्येक अपात्रतेने त्या इसमाचे आणि त्याच्या निकटच्या कुटुंबाचे हाल होतातच, आणि तसे ते होणे हा कायद्याच्या जरबेचाच भाग आहे, वाहनबंदीमुळे नोकरी जाणे हा अनेकांच्या बाबतीत अटळ परिणाम होय, आणि नोकरी जाईल एवढा पुरावा असाधारण हाल सिद्ध करण्यास स्वतःहून पुरेसा नाही. नोकरी गेल्यामुळे पुढे काय ओढवेल, कोणावर ओढवेल, आणि ते टाळण्यास दुसरा मार्ग खरोखरच नाही काय, हे न्यायालयाने पाहावयाचे असते. जी गोष्ट अटळ म्हणून मार्गदर्शनातच नमूद आहे, तीच असाधारण म्हणून मांडणाऱ्याच्या पदरी निराशा आली तर दोष न्यायाधीशांचा नव्हे.

कित्येकांना ही कठोरता वाटते. मला ती वाटत नाही, आणि ते सांगण्यात मला संकोच नाही. ९ पॉइंट साचलेल्या माणसाला बहुधा तीन वेळा लेखी ताकीद मिळालेली असते. प्रत्येक वेळी त्याने दंड भरलेला असतो. शाळेसमोरच्या किंवा वस्तीतल्या रस्त्यावर वेग का आवरावा हे त्याला प्रत्येक वेळी कळवले गेलेले असते. आपला परवाना धोक्यात आहे हे ठाऊक असूनही ज्याने पुन्हा अपराध केला, त्याची ती जाणीवही न्यायालय विचारात घेऊ शकते असे मार्गदर्शन सांगते, आणि ते न्याय्यच आहे. कारण ज्याची रोजीरोटी परवान्यावर चालते त्याने तो परवाना इतरांपेक्षा अधिक जपावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

ही समजूत रुजली कशी, याचे उत्तर अवघड नाही. १२ किंवा अधिक पॉइंट असूनही हजारो लोक वाहन चालवीत आहेत, अशा बातम्या तेथील वृत्तपत्रांतून अधूनमधून येतात, आणि त्या खऱ्याही असतात. परंतु ज्यांना सवलत मिळाली त्यांनी कोणता पुरावा गुदरला हे बातमीच्या मथळ्यात येत नाही, आणि ज्यांना ती मिळाली नाही ते आपली हकिकत चारचौघांत सांगत नाहीत. त्यामुळे सुटलेल्यांच्याच कथा कानांवर येतात आणि त्यांवरून नियम बांधला जातो.

प्रत्यक्ष सुनावणी कशी चालते ते जवळून पाहिले, तर नुसत्या तोंडी सबबीचे वजन किती हे आपोआप कळते. मॅजिस्ट्रेट न्यायालयात बहुधा दोन-तीन मानद मॅजिस्ट्रेट किंवा एक जिल्हा न्यायाधीश बसलेले असतात, त्यांच्यासमोर कायद्याचा सल्लागार असतो. अर्जदाराला साक्षीदाराच्या जागी जाऊन शपथेवर जबानी द्यावी लागते. हिंदूंना गीतेवर हात ठेवून शपथ घेता येते, किंवा धर्मग्रंथावाचून केवळ सत्यकथनाची प्रतिज्ञाही करता येते. मग प्रश्न सुरू होतात. घर ते कचेरी अंतर किती? रेल्वे आहे काय? टॅक्सीला महिना किती पडेल, आणि तेवढे बँकेत आहेत काय? पत्नी गाडी चालवते काय? सहकाऱ्याबरोबर जाता येईल काय? घरून काम करण्याची मुभा मालकाकडे मागितली काय, आणि त्याने नाही म्हटल्याचे पत्र कोठे आहे? या प्रत्येक प्रश्नास कागदाचे उत्तर लागते : मालकाचे सहीचे पत्र, नोकरीचा करारनामा, बँकेचे उतारे, घरकर्जाचे हप्ते, आजारी माणसाबद्दल डॉक्टरांचा दाखला, आणि बस-रेल्वेचे वेळापत्रकसुद्धा.

उदाहरणादाखल दोन माणसे कल्पून पाहू. एक स्लाव येथे राहतो, कचेरी रेडिंगला आहे, संगणकाचे काम करतो, आणि गाडी नसेल तर रोज तासभर जास्त मोडेल असे सांगतो. त्या दोन गावांमध्ये दिवसभर आगगाड्या धावतात. त्याची गैरसोय खरी आहे, पण ती गैरसोयच आहे. दुसरी व्यक्ती वेल्समधील आडगावात राहते, वृद्ध आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी दूरच्या रुग्णालयात नेते, गावात त्या वेळेला बस नाही, घरात दुसरे कोणी वाहन चालवीत नाही, रुग्णवाहिकेची सोय मागून नाकारली गेल्याचे पत्र तिच्यापाशी आहे. हिच्या कैफियतीत ज्याचा काही अपराध नाही अशा तिसऱ्या माणसाचे हाल आहेत, पर्याय शोधून पाहिल्याचा पुरावा आहे, आणि म्हणून न्यायालयाने थांबून विचार करावा असे काहीतरी आहे. तिला सवलत मिळेलच असे मी म्हणत नाही. तिची दरखास्त ऐकण्याजोगी आहे एवढेच म्हणतो. मालकाच्या धंद्यावर पोट असलेले नोकर, पाल्य, अपंग आप्त यांच्यावर कोसळणाऱ्या संकटाला न्यायालयात वजन असते ते याच कारणाने.

आता याच विषयातील लहानसहान गैरसमज थोडक्यात निकालात काढू.

"सुनावणी लांबवली की जुने पॉइंट बाद होतात." होत नाहीत. मोजणी अपराधाच्या तारखेपासून अपराधाच्या तारखेपर्यंत होते. निकालाच्या तारखेचा तिच्याशी संबंध नाही. सामान्य पॉइंट परवान्याच्या दप्तरी ४ वर्षे राहतात, यावरून ते ४ वर्षे मोजले जातात असेही नाही.

"ऑनलाइन दंड भरून टाकला की प्रकरण मिटते." नव्या पॉइंटांनी बेरीज १२ वर जाणार असेल तर ठराविक दंडाची सोय उपलब्धच नसते, प्रकरण न्यायालयातच जाते.

"नोटिशीला उत्तरच द्यायचे नाही." वाहन कोण चालवीत होते हे २८ दिवसांत कळवणे मालकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास त्या मौनाचेच ६ पॉइंट होतात, म्हणजे वेगाच्या नेहमीच्या ३ पॉइंटांच्या दुप्पट.

"पॉइंट बायकोच्या नावावर घालता येतात." हा सल्ला देणाऱ्याने क्रिस ह्यून यांचे प्रकरण आठवावे. २००३ च्या वेगमर्यादाभंगाचे पॉइंट पत्नी विकी प्राइस यांनी आपल्यावर घेतले. दहा वर्षांनी, २०१३ च्या मार्चमध्ये, न्यायप्रक्रियेत अपहस्तक्षेप केल्याबद्दल त्या दोघांनाही ८ महिन्यांची कैद झाली. ह्यून तोवर ब्रिटिश मंत्रिमंडळातील पद गमावून बसले होते.

"नोटीस १४ दिवसांनंतर आली की सुटलो." ही मुदत फक्त वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला जाणाऱ्या पहिल्या नोटिशीची आहे; गाडी कंपनीची असेल तर चालकाला मागाहून येणाऱ्या पत्रास ती लागू नाही. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम २०१८ साली या मुदतीच्या मुद्द्यावर सुटले हे खरे; पण पुढच्याच वर्षी, गाडी चालवताना फोन वापरल्याबद्दल ६ पॉइंट पडून बेरीज १२ झाली, तेव्हा त्यांना ६ महिने गाडी सोडावी लागली.

"माझा परवाना भारताचा आहे, त्यावर पॉइंट कसे घालणार?" त्यांना तुमचे परवानापुस्तक लागत नाही. वाहनपरवान्यांची दप्तरे ठेवणारी तेथील सरकारी संस्था डीव्हीएलए तुमच्या नावे नोंद उघडते, पॉइंट तेथे साचतात, आणि अपात्रता तेथील प्रत्येक रस्त्यावर लागू होते.

"नव्या चालकालाही १२ पर्यंत सूट असते." पहिला पूर्ण परवाना मिळाल्यापासून २ वर्षांत ६ पॉइंट झाले की १९९५ च्या कायद्यान्वये परवाना रद्द होतो, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात, आणि तेथे असाधारण हालांची कैफियत ऐकलीच जात नाही. हाती फोन धरून गाडी चालवल्याचे २०१७ पासून एकदम ६ पॉइंट पडतात, हे इंग्लंडला शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना अवश्य सांगावे.

"अपील केले की निकाल लागेपर्यंत गाडी चालवता येते." अपात्रता उच्चारल्या क्षणापासून अमलात येते. अपील क्राउन कोर्टात करता येते, आणि तोवर अपात्रता स्थगित ठेवण्याची विनंतीही करता येते. पण ती मान्य झाल्याखेरीज न्यायालयाच्या आवारात उभी केलेली स्वतःची गाडी घरी नेणे हादेखील ६ महिन्यांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे. सुनावणीला रेल्वेने जावे.

तेव्हा ज्यांच्या परवान्यावर पॉइंट चढू लागले आहेत त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. डीव्हीएलएच्या दप्तरातील आपली नोंद आजच पाहा आणि अपराधांच्या तारखा मांडून बेरीज करा. बेरीज ९ असेल तर यापुढचा प्रत्येक प्रवास वेगमर्यादेखालीच करा, कारण परवाना वाचवण्याचा तोच एक हमखास उपाय आहे. बेरीज १२ होऊन बोलावणे आलेच असेल, तर या विषयात मुरलेल्या सॉलिसिटरचा सल्ला घ्या, पर्यायी सोयी खरोखर शोधा, त्या मिळाल्या नाहीत याचे कागद गोळा करा, आणि शपथेवर जे खरे आहे तेवढेच सांगा. नोकरी जाईल एवढेच सांगावयाचे असेल, तर न्यायालयाला ते तुम्ही येण्यापूर्वीच ठाऊक आहे.