पावसाळी ताप (लेखांक ६) : पेशींचा आकडा आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

गणपती तोंडावर आले की पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रात्रीचा दिवस होतो, आणि त्याच दिवसांत रामवाडीपासून खारेपाटापर्यंत घरोघरी एक प्रश्न ऐकू येऊ लागतो : पेशी किती आल्या? डेंग्यूच्या रुग्णाची तब्येत आता याच एका आकड्यात मोजली जाते. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलीटरमागे या पेशी, म्हणजे प्लेटलेट, साधारण दीड ते साडेचार लाख असतात. रिपोर्टवर ८०,००० दिसले की घरचे हवालदिल होतात, ४०,००० दिसले की रक्तपेढीचा नंबर शोधू लागतात. ही धास्ती समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या जागी लागलेली आहे. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. पेशी कमी होणं ही त्याच आजाराची खूण आहे. धोक्याचं मुख्य कारण ती नव्हे.

हे एकदा नीट कळलं की रुग्णाकडे कधी आणि कसं बघायचं तेही बदलतं. डेंग्यूचा ताप दोन ते सात दिवस राहतो. तो उतरला की घरात सुटकेचा श्वास टाकला जातो, आणि खरी जोखीम नेमकी तिथून पुढच्या २४ ते ४८ तासांत असते. रक्तातला पातळ द्रव पोटात, फुप्फुसाभोवती झिरपतो आणि मागे उरलेलं रक्त घट्ट होतं. ही घट्टता त्याच रिपोर्टवर छापलेली असते : पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट. तो ३८ वरून ४६ वर गेला असेल तर वाढ वीस टक्क्यांहून जास्त झाली, आणि पेशी ७०,००० असल्या तरी हा रुग्ण गंभीर आहे. उलट पीसीव्ही स्थिर, लघवी व्यवस्थित, रुग्ण बसून पेज पितो आहे आणि पेशी ३०,००० आहेत, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाट बघता येते. त्याच्यासाठी रात्री अकराला पेशींच्या पिशव्या शोधत धावपळ करण्याने काही साधत नाही.

यावर पहिला आक्षेप सहज येतो : रक्तस्राव होण्याआधीच पेशी चढवल्या तर बिघडलं काय? ही शंका शास्त्रज्ञांनी तपासून पाहिली आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या पाच रुग्णालयांत डेंग्यू झालेल्या, पेशी वीस हजार किंवा त्याहून कमी असलेल्या, पण मोठा रक्तस्राव नसलेल्या ३७२ प्रौढांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पेशी दिलेल्या गटात २१ टक्क्यांना रक्तस्राव झाला, न दिलेल्या गटात २६ टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दुष्परिणाम मात्र पेशी दिलेल्या गटात १३ आणि दुसऱ्या गटात २ नोंदले गेले. शिवाय दिलेल्या पेशीही त्याच आजारात नष्ट होतात. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना रक्तस्राव नसताना दहा हजारांच्या खाली गेल्यावरच पेशी देण्याचा विचार करायला सांगतात. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पेशी आणि रक्त दोन्ही लागू शकतं.

दुसरा आक्षेप पपईच्या पानांच्या रसाचा. रस दिला आणि तिसऱ्या दिवशी पेशी वाढल्या, हे सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत. पण रस सुरू होतो तो आजाराच्या चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि सातव्या-आठव्या दिवसापासून पेशी आपोआप वाढतात. अस्थिमज्जेला उसंत मिळाली की ती भराभर नव्या पेशी तयार करते. रसाने आकडा थोडा लवकर वाढतो असं सुचवणारे काही छोटे अभ्यास आहेत. त्याने जीव वाचतो हे कोणी दाखवलेलं नाही. उलट्या होणाऱ्या माणसाच्या गळ्याखाली कडू रस उतरवण्यापेक्षा ओआरएस, शहाळं, ताक, भाताची पेज घोटाघोटाने पोटात जाणं कितीतरी मोलाचं. तापाला पॅरासिटामॉल पुरतं. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन मात्र कटाक्षाने टाळायच्या. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मोठ्या शहरात वाट बघणं ठीक. इथे पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे अलिबाग नाहीतर पनवेल गाठायचं, तेही भर पावसात. मग आकडा बघून आधीच हललेलं बरं नाही का? लवकर हलावं हे खरंच. फक्त हलण्याची खूण आकड्यात शोधू नये. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, सुस्ती किंवा बेचैनी, हातपाय गार पडणं, सहा तास लघवी न होणं : यातलं एक जरी दिसलं तरी पेशी लाखभर असल्या तरी निघावं. गरोदर बाई, तान्हं मूल, मधुमेही यांना तर त्याआधीच दाखल करावं.

पेशी उतरल्या म्हणजे डेंग्यूच, असंही धरून चालू नये. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, मलेरियाही आहेच. दोन्हींत पेशी घटतात आणि दोन्हींवर नेमकी औषधं आहेत. तिथे आकडा वाढवण्याच्या नादात ती औषधं लांबली तर नुकसान भरून येत नाही. कधी रक्ताच्या नमुन्याच्या नळीतच पेशींच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. रुग्ण ठणठणीत आणि आकडा भलता कमी असेल तर काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घ्यावं.

बरं होतानाचीही एक जोखीम आहे. झिरपलेला द्रव रक्तात परत येतो. तेव्हा हौसेने आणखी सलाईन लावायला सांगितलं तर फुप्फुसात पाणी साठून धाप लागते. अंगावर खाजरं पुरळ उठतं, थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. या काळात रोज पेशी तपासण्यापेक्षा झोप आणि जेवण सांभाळावं. महिना उलटूनही आकडा लाखाच्या खाली राहिला तर मात्र डेंग्यूवर बोट न ठेवता रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावं.

आता डेंग्यू पसरवणारे डास वाढतात त्या पाण्याच्या पिंपांकडे वळू. खारेपाटातली घरं पाणी साठवतात, कारण नळाला पाणी रोज येत नाही. हेटवणे धरण पेण तालुक्यात, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं आणि खारेपाटातल्या शिर्की-वाशीच्या बाया पिंपं भरून ठेवतात. त्याच स्वच्छ पाण्याच्या काठाशी एडिस डास अंडी घालतो. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासा, असं त्यांना सांगणं किती रास्त आहे आणि ते पार पाडायला पाणीपुरवठा कसा हवा, ते पुढच्या लेखात पाहू.