सारख्या चेहऱ्यांची खातरजमा

बारामतीच्या अंगाला लागून असलेल्या जळोचीत काय किंवा नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात इंदापूरपर्यंतच्या कोणत्याही गावात काय, पावसाळ्याच्या तोंडाशी घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या अथवा चार जणांचे डोळे पिवळे दिसू लागले, म्हणजे 'पाणी बाधले' एवढ्या दोन शब्दांत त्या प्रकरणाचा निकाल लागतो. आणि तो निकाल चुकीचा असतो असेही नाही. मात्र त्या पाण्यातून नेमके कोण आले, ही पृच्छा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यकशास्त्रालाही धड करता येत नव्हती.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक 1931 पासून आकारास येत होता. परंतु आतड्यातील विषाणू त्याखाली स्पष्ट दिसू लागले ते ब्रेनर व हॉर्न यांनी 1959 साली सुटसुटीत केलेल्या रंजनपद्धतीमुळे. जेमतेम तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर मलाच्या द्रावाचा थेंब ठेवायचा, त्यावर फॉस्फोटंगस्टिक आम्लाचे रंजन घालायचे, आणि जादा ओल गाळणकागदाच्या कडेने टिपून घ्यायची. मग कण उजळ राहतो व भोवतालची भूमी काळवंडते. रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली मेलबर्नमध्ये अतिसाराने आजारी असलेल्या मुलांच्या आतड्यात जो विषाणू पाहिला, तो रोटाव्हायरस सुमारे सत्तर नॅनोमीटरचा व चाकासारखा असल्यामुळे बिनतक्रार ओळखू येतो. अडिनोव्हायरसचा वीस फलकांचा स्फटिकासारखा घाटही सहसा चकवत नाही.

खरा पेच आहे तो तीस नॅनोमीटरच्या आसपासच्या वाटोळ्या मंडळींचा. अ‍ॅस्ट्रोव्हायरसच्या पृष्ठावर पाच किंवा सहा टोकांचा तारा असतो खरा, पण तो दहा कणांत एखाद्यावरच स्पष्ट उमटतो. कॅलिसिव्हायरसच्या अंगावर वाटीसारखे खळगे दिसतात, त्याच्याच कुळातील नोरोव्हायरसची कडा मात्र पुसट व लोकरी. आणि पोलिओच्या कुळातील कण तर इतके गुळगुळीत की त्यांच्या वर्णनास शब्दच अपुरे पडावेत. ग्रंथांत छापलेली चित्रे निवडून काढलेली असतात, हे ध्यानात न घेता नुसत्या रूपावरून नाव सांगणाऱ्याचा दाखला मी तरी ग्राह्य धरणार नाही.

रूपाला साक्षीची जोड दिली ती अल्बर्ट कपिकियन यांनी. अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या शाळेत 1968 साली उद्भवलेल्या साथीतील मलाचा अंश त्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळला, तेव्हा त्यातील प्रतिपिंडांनी 27 नॅनोमीटरचे कण वेढून त्यांचे पुंजके केले, आणि एरवी कचऱ्यात हरवला असता तो विषाणू 1972 साली जगापुढे आला. आजाराच्या आरंभीचा रक्तद्रव हे काम नीट करत नाही व नंतरचा करतो, या फरकातच त्या कणाच्या अपराधाचा पुरावा असतो.

हीच रीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत काविळीच्या छड्यास उपयोगी पडली. दिल्लीत 1955-56 साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे 29,300 लोकांना कावीळ झाली होती आणि तिचा दोष स्वाभाविकपणे आज आपण हिपॅटायटिस 'ए' म्हणतो त्या विषाणूवर गेला होता. त्या साथीतील रक्तद्रव जपून ठेवले होते, ही दूरदृष्टी मला कोणत्याही यंत्राहून मोठी वाटते. 1980 साली पुण्याच्या श्रीनिवासन, पावरी प्रभृतींनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह ते तपासले, तेव्हा 'ए'च्या ताज्या संसर्गाचा पुरावा मिळेना. आरोपी निराळाच निघाला. पुढे मॉस्कोच्या बालायान यांनी अशाच काविळीच्या रुग्णांच्या मलाचा अर्क स्वतःच प्राशन केला. 'ए'ची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात आधीपासून असल्याने झालेली कावीळ त्याच्या माथी मारता येणे शक्य नव्हते, आणि त्यांच्या मलात दिसलेले 27 ते 30 नॅनोमीटरचे कण, 'ए'च्याच मापाचे असूनही, 1983 साली वेगळे ठरले. लगोलग 1984 साली श्रीनिवासन, अरणकल्ले, सेहगल व पावरी यांनीही साथीच्या काविळीच्या मलात असे कण प्रतिपिंडांनी पुंजके करण्याच्या याच रीतीने पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पंचगंगेच्या काठच्या कोल्हापुरात 1981 साली पाण्यातून पसरलेल्या काविळीचा अभ्यासही याच संस्थेने केला होता. यथावकाश या वेगळ्या ठरलेल्या विषाणूस 'ई' हे अक्षर मिळाले. गर्भवती स्त्रियांना तो किती घातक ठरतो, हे ज्ञात असल्यामुळे 'ए' की 'ई' ही केवळ विद्वानांची हौस नव्हे.

आज जनुकीय चाचण्या हेच काम तासांत उरकतात, आणि सूक्ष्मदर्शकाला एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख कण असल्याशिवाय काही गवसत नाही, ही त्याची उघड मर्यादा आहे. तरी जनुकीय चाचणी ज्याच्या नावे वॉरंट काढले त्यालाच पकडते. सूक्ष्मदर्शक, अनोळखी इसम समोर आला तर, तोही दाखवतो. नमुना मात्र लवकर व बर्फात पोहोचला पाहिजे, आणि नेमकी तिथेच आपल्याकडे गाडी अडते. हिपॅटायटिस 'ई'चे कण डोळे पिवळे होण्याच्या आगेमागेच मलातून अधिक पडतात व मग ओसरू लागतात, तर आमच्याकडचा रुग्ण आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो, आठ-पंधरा दिवस पथ्य पाळतो आणि मग सरकारी दवाखान्याची पायरी चढतो. तोवर जाळीवर पाहण्यासारखे फारसे उरलेले नसते, आणि तपास त्याच्या रक्तातील, ताजा संसर्ग दाखवणाऱ्या आयजीएम प्रतिपिंडांच्या जबानीवरच चालवावा लागतो.