गल्ल्यावरचा गुस्सा

जिंतूरच्या बाजारात कापडाचा धंदा करताना माप, भाव आणि उधारी या तीन गोष्टी आम्ही वडिलांकडून शिकलो. चौथी गोष्ट एका गिऱ्हाइकाने शिकवली आणि तिची फी फार मोठी पडली. ती हकीकत आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावी म्हणून हा लेख. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, मराठी आम्ही गल्ल्यावर बसून शिकलो. भाषेत काही कमी-जास्त असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी आमच्याकडची उधारी समजून घेतली पाहिजे. येलदरीचे धरण आमच्याच तालुक्यात पूर्णा नदीवर आहे, पण डोंगरपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची नजर आभाळाकडेच असते. लग्नाचा बस्ता उन्हाळ्यात बांधला जातो आणि पैसा येतो कापूस फुटल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे. मधले पाच-सहा महिने कापड त्यांच्या अंगावर आणि रक्कम आमच्या वहीत. आम्हीही सुरतेहून माल उधारीवरच उचलतो. त्यामुळे इथे बोंड फुटले नाही तर त्याचा धक्का पार सुरतेपर्यंत जातो, आणि तिथून फिरून पुन्हा आमच्याच गल्ल्यावर येतो.

२०१७ साली असेच झाले. आधीच्या नोव्हेंबरात नोटबंदी होऊन गेली होती. १ जुलैपासून कापडावर ५ टक्के जीएसटी आला. सुरतच्या व्यापाऱ्यांनी त्या महिन्यात बाजार बंद ठेवला. ते सावरते न सावरते तोच खरिपात गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातला आणि विदर्भातला कापूस पोखरून टाकला. बोंड वरून धड दिसे आणि उघडले की आत किडके. दिवाळी आली आणि गेली, पण वहीतली नावे तशीच राहिली.

डिसेंबरातल्या एका बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी होती. सुरतेहून आमच्या आडत्याचा फोन आला. मागील पेमेंटवरून तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याने आम्हांला चोर म्हटले नाही एवढेच. आम्ही फोन ठेवला, मान वर केली, तर समोर एक जुने गिऱ्हाईक उभे. जवळच्या खेड्यातले साठीचे शेतकरी, आम्ही त्यांना मामाच म्हणत असू. त्यांनी उन्हाळ्यात लेकीच्या लग्नाचा एकतीस हजारांचा बस्ता नेला होता, त्यातले अकरा हजार बाकी होते. सोबत त्यांचे व्याही होते आणि मामा त्यांच्यासाठी टॉवेल-टोपी पाहत होते.

आमच्या तोंडून निघून गेले, "मामा, टॉवेल नंतर घ्या. लेकीच्या लग्नातल्या साड्या फाटायला आल्या, त्याचे पैसे आधी मोजा."

दुकान एकदम शांत झाले. व्याह्यांनी नजर खाली घातली. मामांनी टॉवेलाची घडी होती तशी घातली, गादीवर ठेवली आणि ते पायऱ्या उतरून गेले. चौथ्या दिवशी एकटे आले. "शेठ, सगळा हिशोब करा" एवढेच म्हणाले आणि अकरा हजार मोजून गेले. घरच्या दोन शेळ्या विकल्या, हे आम्हांला पुढे बऱ्याच दिवसांनी कळले.

त्या दिवशी तर आम्ही खूश होतो. पण त्या खेड्यातून दर उन्हाळ्यात पाच-सहा बस्ते आमच्याकडे येत, ते २०१८ मध्ये एकही आला नाही. अकरा हजार वसूल करताना आम्ही वर्षाची दीड लाखाची विक्री घालवली. वर्षभर आम्ही दोष मामांनाच देत राहिलो, की उधारी मागितली तर काय गुन्हा केला? उधारी मागणे गुन्हा नव्हताच. पण आमचा गुस्सा मामांवर नव्हताच मुळी. तो सुरतेचा होता. तिथे आम्ही जी-जी करून फोन ठेवला आणि जो माणूस उलट बोलू शकत नव्हता त्याच्यावर तो काढला.

या विषयाला हल्ली 'भावनिक बुद्धिमत्ता' म्हणतात, उर्दूत जज़्बाती ज़हानत. अमेरिकेतील पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली आणि डॅनियल गोलमन या पत्रकार-मानसशास्त्रज्ञाच्या १९९५ च्या पुस्तकाने ती जगभर पसरली. स्वतःच्या मनात काय चालले आहे ते वेळेवर ओळखणे, त्याला आवरणे आणि समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते समजणे, असा तिचा सारांश आहे. गोलमन यांनी यशाचे जेवढे श्रेय या गुणाला दिले तेवढे द्यायला पुष्कळ तज्ज्ञ तयार नाहीत. आम्हीही नाही. हिशोब कच्चा असलेला दुकानदार केवळ गोड स्वभावावर तरलेला आमच्या पाहण्यात नाही. पण हिशोब पक्का असून जिभेने बुडालेले पाहिले आहेत, त्यात आमचेही नाव धरावे.

२०१९ पासून आम्ही रोजमेळाच्या पानावर एक नवी नोंद सुरू केली. ज्या दिवशी गल्ल्यावर आवाज चढला त्या दिवसापुढे लाल पेन्सिलीची खूण, आणि बाजूला कारण दोन शब्दांत. तीन महिन्यांनी पाने उलटली तेव्हा सत्तावीस खुणा निघाल्या. त्यातल्या गिऱ्हाइकाच्या चुकीमुळे झालेल्या फक्त चार. बाकीच्या कुठल्या, तर सुरतेचे पेमेंट, बँक, रात्रीची अपुरी झोप, आणि तीनदा घरातले भांडण! ज्यांना हा विषय पुस्तकी वाटतो त्यांनी हा प्रयोग तीन महिने करून पाहावा. पेन्सिलीशिवाय खर्च नाही.

तेव्हापासून पेमेंटचे फोन आम्ही गल्ल्यावर घेत नाही, मागच्या गोदामात जाऊन घेतो. फोन झाल्यावर लगेच गिऱ्हाइकापुढे येत नाही. विस्कटलेली पाच-सात थाने घडी घालून लावतो, मग बाहेर येतो. गुस्सा आला तर उभे असलेल्याने बसावे, ही नबी करीम (स.) यांची शिकवण आम्ही शाळेत पाठ केली होती. पण दुकानदार दिवसभर बसलेलाच असतो, म्हणून आम्ही उठून वुजू करून येतो. एवढ्यात निम्मे काम होते. शिवाय गुमास्त्यांना सरळ सांगून टाकतो, "आज आमचे डोके सुरतेत आहे, वसुलीचे तुम्ही बघा." ही शेवटची गोष्ट आम्हांला पूर्वी कमीपणाची वाटे. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या तपासण्यांवरून दाखवले की रागाचे किंवा भीतीचे चेहरे पाहताना त्या भावनेला शब्दांत नाव दिले तर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. याच भागाचा भीती आणि धोका ओळखण्याशी संबंध आहे. मनातले तोंडाने म्हटले की जोर उतरतो, हे आमच्या अम्मी न वाचताही सांगत.

दुसऱ्याचे मन ओळखण्यात मात्र आमचा जुना गुमास्ता आमचा उस्ताद आहे. बस्त्याला दहा-बारा माणसे येतात, पण तो पाहतो नवरीच्या आईचे हात. तिने साडीचा पदर उलटून पाहिला आणि किंमत दुसऱ्यांदा विचारली की तो वरची साडी काढायचे थांबवतो. नवरीचा बाप फार मोठ्याने हसायला लागला तर पैसे कमी पडत आहेत, असा त्याचा अनुभव आहे. मग तो हळूच चारशे रुपयांनी उतरती साडी पुढे करतो आणि म्हणतो, "ताई, ही नेसायला हलकी आहे, रोजच्यालाही चालते." खरोखर तशी असेल तरच म्हणतो. व्याह्यांपुढे बापाची इज्जत राहते आणि आमच्या वहीत बुडीत रक्कम पडत नाही. हीच नजर महागडा माल गळ्यात मारायलाही वापरता येते, आणि वापरणारे आहेत. आम्ही त्याला फसवणूक समजतो.

कारागिरांचे दुखणे याच्या उलट आहे. त्यांना गुस्सा कमी आणि संकोच जास्त. शिंपी बांधवांचेच घ्या. पंधरावा रोजा उलटला तरी ओळखीचा माणूस कापड घेऊन आला की "नाही" म्हणता येत नाही. "होईल" म्हणून ठेवून घेतात, आणि चांदरातीला दुकानासमोर रडकी मुले आणि त्यांचे चिडलेले बाप. "नाही" म्हणताना एक मिनिट वाईट वाटते, ते मिनिट टाळण्यासाठी पंधरा दिवसांची झोप आणि वर्षाचे गिऱ्हाईक घालवायचे. अमुक तारखेनंतर कपडे घेतले जाणार नाहीत, अशी पाटी लावून ती पाळणारे एक मास्टर आमच्या गल्लीत आहेत. पहिल्या वर्षी लोक नाराज झाले, दुसऱ्या वर्षी आधी यायला लागले.

वसुली आम्ही आजही करतो आणि कडक करतो. फक्त तिसऱ्या माणसासमोर नाही. आधी पीकपाणी विचारतो, मग तारीख त्यांनाच द्यायला सांगतो. स्वतः दिलेली तारीख माणूस सहसा मोडत नाही, आणि मोडावी लागली तर आधी येऊन सांगतो.

मामांकडे जायला आम्हांला दीड वर्ष लागले. दुकानातून निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो, असे दोनदा झाले. २०१९ च्या उन्हाळ्यात एकदाचे त्यांच्या दारात उभे राहिलो. त्यांनी बाजेवर बसवले, चहा केला. आम्ही चुकलो म्हटल्यावर ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पैशाचं नाही वो, शेठ. व्याह्यासमोर म्हणालात." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्यांचा पुतण्या बस्ता बांधायला आमच्याकडे आला. मामा सोबत नव्हते. बिल अठ्ठावीस हजारांचे झाले. निम्मे आत्ता, निम्मे कापूस आल्यावर, असे आम्हीच म्हणालो. तो म्हणाला, "नको शेठ. चुलत्यानं सांगितलंय, रोखीनंच घ्यायचं." नोटा मोजून झाल्यावर आम्ही मामांसाठी एक टॉवेल त्या गाठोड्यावर ठेवला. त्याने तो उचलला, त्यावरची किंमत पाहिली आणि बिलात धरायला लावला.