खांब, बंपर आणि किल्ली

आमच्या सोसायटीच्या फाटकाला दोन खांब आहेत. त्यांतला डावा खांब गेली बावीस वर्षं जागचा हललेला नाही. तरीही भाद्रपदातल्या एका संध्याकाळी तोच येऊन माझ्या गाडीवर आदळला, असं मला बरेच दिवस वाटत होतं. आत वळताना समोरून एक मोटारसायकल आली, मी गाडी डावीकडे घेतली आणि काळजात धस्स व्हावं असा 'खर्रर्र' आवाज झाला. उतरून पाहते तो बंपरचा डावा कोपरा चार बोटं चिरून लोंबत होता. आरशाची काच फुटली होती. दारावरची प्लास्टिकची पट्टी एका टोकाला सुटून हवेत हलत होती. व्हीलकॅप घरंगळत पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. ती एका मुलाने आणून दिली, तेव्हा तिचे दोन तुकडे झालेले होते.

गाडी मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिकले, आणि तीही हौस म्हणून नव्हे. यांना काचबिंदू निघाला आणि रात्री गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सासूबाईंना दर गुरुवारी संध्याकाळी फिजिओथेरपीला न्यावं लागतं. रिक्षात चढता-उतरताना त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. तेव्हा घरात कुणीतरी चाकामागे बसणं भागच होतं.

त्या संध्याकाळी मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. यांनी माळ्यावरून गाडीचं कव्हर काढलं आणि नीट पसरून, तो कोपरा झाकला जाईल असं घातलं. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. पुढच्या गुरुवारी रिक्षा आली. "राहू दे गं, कशाला उगीच ताण," एवढंच हे म्हणाले. मीही "बरं" म्हटलं. खरं तर माझाच धीर सुटला होता. येता-जाता त्या कव्हराखालचा कोपरा मला दिसायचा.

तिसऱ्या आठवड्यात मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपात नेऊन दाखवली. तिथल्या मुलाने अदबीने कागद हातात दिला. नवा बंपर, अख्खा आरसा, दारावरची पट्टी आणि क्लिपा मिळून ४,८०० रुपये, रंगकाम ३,६००, मजुरी १,४००. एकूण ९,८०० रुपये. व्हीलकॅप वेगळी. "विमा आहे ना काकू? क्लेम करून टाका," असंही तो म्हणाला. बंगळूरहून चिरंजीवांचंही तेच मत पडलं.

मी मात्र आयुष्यभर वाणसामानाचा हिशेब लिहिलेली बाई. रात्री विम्याचे कागद आणि वही घेऊन बसले. हा हिशेब प्रत्येक गाडीवाल्या घराने एकदा करून पाहावा, म्हणून इथे मांडते.

साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. गाडी नवी असो वा जुनी, घसारा ५० टक्के. म्हणजे ४,८०० पैकी २,४०० आपले. रंगकामात फक्त मालाच्या किमतीवर ५० टक्के घसारा लागतो, आणि एकत्रित बिल असेल तर माल एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरतात. ३,६०० चे २५ टक्के म्हणजे ९००, त्याचे निम्मे ४५० आपले. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात १,००० रुपये सक्तीने स्वतः सोसायचे. बेरीज झाली ३,८५०. विमा कंपनी देणार ५,९५०.

वाईट नाही, असं वाटतं. पण दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, ज्याला नो क्लेम बोनस म्हणतात, ती पायरीपायरीने वाढते: २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के. आम्ही ५० वर पोचलो होतो. एक दावा केला की आपण पुन्हा शून्यावर. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ५,००० धरला आणि तो दरवर्षी तेवढाच राहिला असं मानलं, तर पहिल्या वर्षी २,५०० रुपये जास्त जातात, नंतर क्रमाने १,५००, १,२५०, ७५० आणि २५०. बेरीज ६,२५०. कंपनीकडून ५,९५० घेऊन आपण तिला ६,२५० परत करायचे! गाडी नवी असेल आणि 'झिरो डेप' घेतलं असेल, तर गणित बदलतं. नुकसान मोठं असेल तर दावा जरूर करावा, त्यासाठीच विमा असतो. कुणाला इजा झाली असेल, तर मात्र हिशेब करत न बसता पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवायला हवं. प्लास्टिकच्या एका कोपऱ्यासाठी पाच वर्षांची पुण्याई खर्च करू नये, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेत गेले. पुण्यात गाड्यांचे सुटे भाग म्हटले की पाय तिकडेच वळतात. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, तुटलंय नेमकं काय?" वर्कशॉपात हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तिथे अख्खा आरसा विकतात, कारण तेच सोपं आणि झटपट असतं. पण माझ्या आरशाची फक्त काच फुटली होती. घर आणि मोटर शाबूत होती. नुसती काच तिच्या मागच्या प्लेटसकट २५० रुपयांना मिळाली. बंपर लोंबत होता, कारण त्याला बॉडीशी धरून ठेवणारा वीतभर लांबीचा ब्रॅकेट मोडला होता. त्याचे १८० रुपये पडले. दहा रुपयांना एक अशा बारा क्लिपा घेतल्या. निम्मं दुखणं त्या एका कागदी पिशवीत मावलं.

जाताना मोडलेला तुकडा बरोबर न्यावा, आणि गाडीचं मॉडेल व साल आरसी बुकावरून लिहून न्यावं. एकाच नावाच्या गाडीचे दोन अवतार असतात आणि एकाचा ब्रॅकेट दुसऱ्याला बसत नाही. डाव्या आरशाची काच बहुधा बहिर्वक्र असते. तिच्या जागी सपाट काच चिकटवून घेतली, तर शेजारून येणारी स्कूटर दिसायचीच नाही.

उरला चिरलेला बंपर. माझ्या माहेरी पद्मिनी होती. तिचा लोखंडी, क्रोमचा बंपर वाकला की वडील तो ठोकून सरळ करून आणत. कुर्ल्याला तयार होणाऱ्या त्या गाडीचं उत्पादन कधीच थांबलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. आजचे बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते हलके असतात, गंजत नाहीत आणि थोडा धक्का लागला तर वाकून परत जागेवर येतात. हे प्लास्टिक आपल्या ओळखीचंच आहे. स्वयंपाकघरातल्या ज्या डब्यांच्या तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असतो, तेच हे. अशा डब्याचं तडकलेलं झाकण फेविक्विकने चिकटवून पाहिलेल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे की ते टिकत नाही. बंपरचंही तसंच. त्याच्या आतल्या बाजूला 'पीपी' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील, तर डिंकाच्या भानगडीत पडू नये. तो तापवून, वितळवूनच जोडावा लागतो. जाळ्या आणि आरशाच्या टोप्या बहुधा 'एबीएस'च्या असतात. ते प्लास्टिक चांगल्या एपॉक्सीने जोडता येतं.

प्लास्टिक वेल्डिंग करणारा कारागीर एका अरुंद बोळात बसला होता. त्याने बंपर उतरवला, आतून धुतला आणि चिरेच्या दोन्ही कडा जुळवल्या. मग तापलेल्या हत्याराने आतल्या बाजूने बारीक जाळी प्लास्टिकमध्ये रुतवली आणि वरून जुन्या बंपरच्याच पट्टीचा रस ओतून चीर भरली. "तार आतून, शिवण बाहेरून," तो म्हणाला. मजुरी ६०० रुपये. अख्खा बंपर रंगवायचा आग्रह त्याने धरला नाही. प्लास्टिकचं प्रायमर मारून फक्त कोपरा रंगवला, त्याचे ९००. हे प्रायमर विचारून घ्यावं. ते नसेल तर पहिल्या उन्हाळ्यातच रंगाचे पापुद्रे सुटतात.

दारावरची पट्टी मी घरीच लावली. जुना चिकटा काढला, दोन्ही बाजू स्पिरिटने पुसल्या, कोरड्या उन्हात दार थोडं तापू दिलं आणि गाड्यांसाठी मिळणारी दुहेरी चिकटपट्टी लावून मिनिटभर दाबून धरलं. पट्टी १५० रुपयांना मिळाली. चोवीस तास गाडी धुवायची नाही, हे पथ्य पाळलं. व्हीलकॅप जुन्या मालात २०० ला मिळाली. सगळा खर्च २,४०० रुपये.

जुन्या मालाबद्दल एक सांगायला हवं. पुण्याचा जुना बाजार काय किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड काय, मोडीत निघालेल्या गाड्यांचे चांगले भाग तिथे मिळतात. आपल्याच रंगाचा बंपर सापडला, तर रंगाचा खर्चही वाचतो. घेताना मागचे प्लास्टिकचे कान शाबूत आहेत ना, ते पाहावं, कारण सगळा भार त्यांच्यावरच असतो. पण नवाकोरा आरसा निम्म्या किमतीत आणि बिलाशिवाय कुणी पुढे करत असेल, तर तो काल रात्री कुणाच्या तरी दारातून उपटलेला असू शकतो. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या फोडण्यासाठी कुप्रसिद्ध होता. पोलिसांनी तो डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला. गिऱ्हाईक होतं, म्हणूनच तो इतकी वर्षं चालला. म्हणून बिल मागावं.

काही ठिकाणी मात्र काटकसर करूच नये. बंपरच्या आतला लोखंडी आडवा दांडा वाकला असेल, तर नुसतं वरचं प्लास्टिक जोडून भागत नाही. मागच्या बंपरात पार्किंगचे सेन्सर असतील, तर त्यांच्यावर लांबी थापू देऊ नये. जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ते सक्तीने आलेले आहेत. आणि पुन्हा बंपर तुटू नये म्हणून पुढे लोखंडी गार्ड बसवण्याचा मोह टाळावा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच हे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे. ते पादचाऱ्याला घातक ठरतात आणि धडकेचा मार थेट गाडीच्या सांगाड्यावर नेतात. एअरबॅग उघडण्यातही त्यांचा अडथळा होऊ शकतो.

गाडी परत आणली तो बुधवार होता. कोपऱ्यावर जवळून पाहिलं तर केसाएवढी रेघ दिसते, ऑपरेशनच्या टाक्यासारखी. हे चष्मा लावून वाकले, तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दिसतंय की जरासं."

"दिसू दे," मी म्हटलं. "माझी सही आहे ती."

ते हसले. कव्हर उचललं, झटकलं, घडी घातली आणि माळ्यावर टाकून आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई मागे बसल्या, हे माझ्या शेजारी. फाटकाशी आले तसं माझ्या तळव्यांना घाम सुटला. मी गाडी थांबवली. यांनी काच खाली करून बाहेर मान काढली आणि म्हणाले, "डावीकडे हातभर जागा आहे. ये सावकाश."

नव्या आरशात तो खांब स्वच्छ दिसत होता. होता तिथेच उभा होता.