सातपुड्याची लेकरे विमान कधी चालवणार?

१६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या जंगलात प्रशिक्षणाचे एक छोटे विमान कोसळले. प्रशिक्षक ठार झाले, शिकाऊ तरुणी जबर जखमी झाली. तेथवर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. तेव्हा एका आदिवासी बाईने अंगावरचे लुगडे सोडून दिले. त्याची झोळी झाली आणि गावकऱ्यांनी त्या मुलीला खांद्यावरून खाली आणले.

आम्ही नंदुरबारचे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांतून बाळंतिणीला अशाच झोळीतून आणावे लागते. त्यामुळे त्या बाईचा आम्हाला अभिमान वाटला, नवल वाटले नाही. प्रश्न मात्र पडला. विमान पडले की झोळी आमची; मग विमान चालवणाऱ्याच्या खुर्चीवर आमची लेकरे किती?

विमान म्हणजे गुळगुळीत धावपट्टी आणि मोठे शहर, अशी आमची समजूत करून दिलेली आहे. ती खोटी आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन ते कराचीहून जुहूला उतरले. ते जुहू म्हणजे मातीचे मैदान होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि विमाने पुण्याला न्यावी लागत.

मातीच्या पट्टीवरून उडण्याचे तंत्र शिकता येते. आधी पट्टी पायी चालून पाहायची. खड्डा कुठे, दगड कुठे, ओल किती, हे तपासायचे, कारण उडालेला खडा पंख्याला इजा करतो. ओल्या मातीत विमान जास्त धावते. म्हणून दांडा मागे ओढून पुढचे चाक लवकर उचलायचे. जमीन सुटली तरी लगेच वर चढायचे नाही. जमिनीलगत राहून वेग घ्यायचा आणि मगच चढायचे. उतरताना ब्रेक जपून लावायचा. जमिनीची ओल पायांनी ओळखणाऱ्या आमच्या पोरांना हे जड जाईल काय?

दूरही जायला नको. धुळ्याजवळ गोंदूरला आणि आमच्या शहाद्याला लागून असलेल्या शिरपूर तालुक्यात विमान शिकवले जाते. अडते ते दुसरीकडेच. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि खर्च लाखोंच्या घरात जातो. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत अनुसूचित जाती-जमातींसाठी हा अभ्यासक्रम पहिल्या गटात घातला गेला, पण जागा मोजक्या. कायदा कागदावर, पोरगा पाड्यावर!

त्याही आधीचे दार शाळेचे. १९९० च्या दशकापासून व्यावसायिक वैमानिकाला बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे झाले. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. विज्ञान शाखाच नसेल तिथे वैमानिक कुठून घडणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यातील आश्रमशाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणिताचा कायम शिक्षक द्या. निवड झालेल्या विद्यार्थ्याची पूर्ण फी शासनाने परस्पर भरावी. आणि कार्यकर्त्यांनी या योजनेची माहिती पाड्यापाड्यांवर न्यावी. सातपुड्याने विमानातली मुलगी खांद्यावर वाहून आणली आहे. आता सातपुड्याची मुलगी विमानात बसवण्याची पाळी शासनाची आहे.