रुमालातली पोथी, घरातले कपाट

मराठी घरातला पहिला ग्रंथसंग्रह देवघरात असे. दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबलेली पोथी, तिच्यावर रुमालाचे वेष्टन आणि कसर लागू नये म्हणून आत वेखंडाचा तुकडा. श्रावणात रुमाल सुटे, पोथी चौरंगावर येई. एक जण वाची आणि शेजारपाजार ऐके. घरोघरी पोचलेल्या या पोथ्यांपैकी कितीतरी एकाच कवीच्या आहेत. ते श्रीधरस्वामी, सांगोला तालुक्यातल्या नाझरे गावचे. ‘हरिविजय’ त्यांनी १७०२ मध्ये पंढरपुरात पूर्ण केला, ‘शिवलीलामृत’ १७१८ मध्ये बारामतीत. चादरी आणि ज्वारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्याच्या या सुपुत्राने असंख्य मराठी घरांना त्यांचे पहिले पुस्तक दिले.

पुढे सोलापूर शहरात एका माणसाने ग्रंथप्रेमाची मजल आणखी लांब नेली. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा येथे विद्वानांना बोलावले आणि आपल्या संपत्तीचा उपयोग कसा करावा हे त्यांनाच विचारले. त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला. त्यासाठी त्यांनी आधी तीस हजार रुपये दिले आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सगळी मालमत्ता अर्पण केली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे पहिले पुष्प होते यतिवृषभांचा प्राकृत ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी तो संपादित केला. पहिला भाग १९४३ मध्ये निघाला, दुसरा १९५१ मध्ये. हस्तलिखितांत अडकलेला मजकूर हिंदी अनुवादासह छापून आला आणि सामान्य वाचकाच्या फळीवर बसू शकला. दोशींनी स्वतःच्या घरापेक्षा इतरांच्या घरातली कपाटे भरली.

संग्रह घरातच राहूनही काय घडवू शकतो, हे संशोधक रा. चिं. ढेरे यांच्याकडे पाहून कळते. पुण्यातल्या त्यांच्या घरी हजारो ग्रंथ होते. त्या संग्रहाच्या सोबतीने त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्याच पंढरपूरच्या विठ्ठलाचा माग काढला; स्थलपुराणे, शिलालेख, संतवाङ्मय, दक्षिणी भाषांतले दैवतांचे उल्लेख एकमेकांशी ताडून पाहिले. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाला १९८७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा संग्रहातले पुस्तक शेजारच्या पुस्तकाशी बोलत असते, कारण त्यांना एकत्र आणणारा प्रश्न मालकाच्या मनात असतो. पुस्तके किती आहेत, यापेक्षा तो प्रश्न महत्त्वाचा.

सोलापूरकराला असा प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू इथे एका गल्लीत नांदतात. गिरण्यांनी आणि मागांनी तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे इथे रुजवली. इथल्या घरांच्या ट्रंकांतल्या पोथ्या, जुनी क्रमिक पुस्तके, उर्दू मासिके, कामगारांची पत्रके म्हणजे या शहराचा लेखी ठेवा. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकली, आजोबांची लिपी घरात कोणाला वाचता येईना, की तो ठेवा किलोच्या भावाने जातो. मला याचे फार वाईट वाटते. लिपी येणारा माणूस पुढच्या गल्लीत भेटतो; विकलेले पान पुन्हा भेटत नाही.

जतन करायला मोठा खर्च लागत नाही. इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि कागद कडक होऊन तुटू लागतो, म्हणून कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावू नये. भिंत आणि कपाट यांत चार बोटे जागा सोडावी, म्हणजे वाळवी लवकर दिसते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डाग कायमचा राहतो. पुस्तक गुंडाळायला सुती कापड उत्तम, पण कोऱ्या कापडातली खळ किडीला बोलावते; ते आधी धुऊन घ्यावे. शेवटी एक वही: पुस्तकाचे नाव, कुठून आले, कोणी दिले, सध्या कोणाकडे वाचायला गेले आहे. त्याच वहीत आपल्यामागे संग्रह कोणी सांभाळायचा किंवा कोणत्या वाचनालयाला द्यायचा, हेही लिहून ठेवावे.

या दिवाळीत माळा झाडाल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा उघडा. पहिल्या पानावर कोणाचे नाव आहे, कोणते साल आहे, ते पाहा आणि वहीत उतरवा. न येणाऱ्या लिपीतले पुस्तक तर आधी बाजूला काढून ठेवा.